गालावर फिरवलेला मोजा

मोजा विणून झाला की नाना तो उलटा करायचे, उजवा हात मनगटापर्यंत त्यात घालायचे आणि तो हात सावकाश स्वतःच्या गालावरून फिरवायचे. आधी टाच, मग तळवा, मग बोटांकडची टोपी. डोळे मिटलेले. त्या दिवशी सकाळी दाढी मुद्दाम घोटून केलेली असायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. नाना डोळे न उघडता म्हणाले, "हस तू. पण पायाला जे कळत नाही ते गालाला कळतं."

नाना धुळ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत. मूळचे फैजपूरकडचे, वय पन्नाशीच्या पुढे. पत्नी लवकर गेली होती. घरी ते आणि त्यांची सतरा-अठरा वर्षांची मुलगी कुसुम. मी तेव्हा चोविशीत होतो, त्याच शाळेत हंगामी मास्तर म्हणून नुकता लागलो होतो. नाना मला बापू म्हणत. पोरं मात्र त्यांना मोजे-मास्तर म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

नाव पडण्यासारखंच होतं ते. धुळ्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आम्ही बाकीचे मास्तर पायात वहाणा अडकवून यायचो, शिपाई तर अनवाणीच. नाना मात्र बारा महिने कापडी बूट आणि आत पांढरे सुती मोजे घालून येत. हेडमास्तरांनी एकदा एप्रिलमधे सगळ्यांसमोर विचारलं की नाना, तुम्हाला उकडत नाही का? नाना शांतपणे म्हणाले, "माझे पाय थंड पडतात." सगळा स्टाफ हसला. नानाही हसले. वर्गात कुणी पोरगा चुकला की ते स्वतःच म्हणायचे, "सातपुडा कुठं आहे ते मोजे-मास्तरला विचार, तुझ्या वहाणेला माहीत नाही."

विणकाम ते भुसावळला शिकले होते. तिथे काही वर्षं नोकरी होती तेव्हा रेल्वेच्या वसाहतीत एका गोऱ्या ड्रायव्हरच्या मुलांना ते शिकवायला जात. त्या घरची मडम पोरांचा अभ्यास चाललेला असताना समोर बसून मोजे विणायची. नाना म्हणायचे, मी तिच्या पोरांना गणित शिकवलं आणि तिने मला टाच शिकवली, आणि दोघांत तीच चांगली मास्तरीण होती. चाळीस वर्षांचा धोतर-कोटातला माणूस बाईसमोर सुया घेऊन बसलेला पाहून त्या वसाहतीतले हमालसुद्धा खिडकीशी थांबत. नानांनी त्याची पर्वा केली नाही. सुया त्यांच्या त्यांनी घडवलेल्या होत्या, सायकलच्या चाकाच्या तारा कापून, टोकं दगडावर घासून. सूत गिरणीचं, तीन पदरी वळून घेतलेलं.

ते मोजे का घालत हे मला एका संध्याकाळी कळलं. मी त्यांच्याकडे बसलो होतो. ते परसातून आले, ओट्यावर बसले आणि माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. मोजे वाळत घातलेले होते, पाय उघडे होते, आणि डाव्या टाचेत बाभळीचा बोटभर काटा खोल रुतला होता. तसेच ते चालत आले होते. मी ओरडलो. त्यांनी वाकून पाहिलं, काटा उपटला, आणि कुसुमला गरम पाणी आणायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. भुसावळच्या रेल्वेच्या डॉक्टरने लघवी तपासली होती, तीत साखर निघाली होती. मधुमेह. पाय हळूहळू बधिर होत चालले होते. डॉक्टरने बजावलं होतं की पायांना एक ओरखडासुद्धा पडू देऊ नका, पडला तर भरून यायचा नाही, आणि रोज रात्री तळवे आरशात बघत जा. बाजारच्या मोज्याला बोटांपाशी शिवण असते, ती घासते. म्हणून बिनशिवणीचा, चार सुयांवर गोल विणलेला मोजा. आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर रक्त दिसतं. "मला दुखून कळणार नाही," ते म्हणाले, "तेव्हा दिसून तरी कळू दे."

हे कुणाला सांगू नकोस, असं त्यांनी मला निक्षून सांगितलं. पाय बधिर आहेत म्हटलं की आपल्याकडे लोक एकच गोष्ट समजतात. ती कुठली ते त्यांनी उच्चारलं नाही. आत कुसुम पाणी तापवत होती.

विणकाम शिकायचं माझ्या मनात तोवर नव्हतं. पण शाळा सुटल्यावर करायला काही नसे, आणि रिकाम्या हाताला विडीची सवय लागत होती. नाना म्हणाले, विडीपेक्षा सुई बरी, धूर होत नाही. मी गंमत म्हणून बसलो आणि अडकलो. तीन सुयांवर टाके, चौथी हातात. उलटे दोन, सुलटे दोन, अशी घोट्यावरची पट्टी. पहिला महिना माझे टाके इतके आवळले जायचे की सुई आत शिरेना. "ओढू नकोस रे," नाना म्हणायचे, "सूत काय बैल आहे? येतंय ते आपणहून."

टाच मला तीनदा जमली नाही. मोज्यात टाचेपाशी ओळ पूर्ण करायची नसते. थोडं जायचं, वळायचं, परत यायचं, पुन्हा थोडं जास्त जायचं, वळायचं. मला ओळ अर्धी सोडणं पटेना. नाना माझ्या मनगटाला धरून सुई फिरवत म्हणाले, "इथं अर्ध्यातून परत फिरायचं असतं. शेवटपर्यंत गेलास तर पिशवी होईल, मोजा होणार नाही." दारात तांदूळ निवडत बसलेली कुसुम म्हणाली, "बापूभाऊंची पिशवीच बरी बाबा, बाजाराला होईल." त्या घरात मी इतका हसलो आहे की आता आठवलं की लाज वाटते.

नानांचे दोन नियम होते. एक, चुकलं की उसवायचं. एक ओळ मागे चुकली असो की वीस, टाका सुटलेला दिसला की ते सुया काढून घेत आणि सूत ओढायला लागत. उसवायला लाजू नये, हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलांच्या वह्या तपासतानाही तेच म्हणत. दुसरा नियम मोज्यात गाठ नसण्याचा. सूत संपलं किंवा तुटलं की जुना आणि नवा धागा आठ-दहा टाके बरोबर घेऊन विणायचे, दोन्ही आपोआप धरून राहतात. "गाठ पोत्याला मार, गोणीला मार," ते म्हणायचे. "मोज्यात गाठ म्हणजे बुटात खडा. तुला लागेल, तू काढशील. मला लागणारच नाही."

हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दिवाळी आली. मी माझा पहिला बरा जोड नानांना द्यायचा ठरवला होता. एक मोजा झाला, छान झाला. दुसऱ्याची टाच वळवून मी तळव्यात दोन-तीन बोटं पुढे आलो आणि सूत तुटलं. उरलेलं टोक इतकं आखूड की दोन्ही धागे धरून विणायचे तर आधी एक फेरी उसवायला हवी होती. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मला दुपारच्या गाडीने चाळीसगावला घरी जायचं होतं, आणि जोड आजच द्यायचा होता, कारण मला नानांचा चेहरा बघायचा होता. मी गाठ मारली. लहान, घट्ट. आणि बाहेरून दिसू नये म्हणून ती आतल्या बाजूला ओढून घेतली.

नानांनी मोजे हातात घेतले, टाच दाबून पाहिली, पट्टी ताणून पाहिली. त्यांना खरोखर आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "गालावर फिरवलास?"

मी म्हणालो, "हो."

"मग मी कशाला फिरवू? तुझा गाल तो माझा गाल," असं म्हणून त्यांनी ते घडी करून ठेवले. पाडव्याला घालीन म्हणाले. मी गाडी गाठली.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा नानांच्या पायात माझेच मोजे होते. ते सगळ्यांना सांगत, हे बापूने विणलेत. एक दिवसाआड कुसुम ते धुई आणि ते पुन्हा तेच घालीत. मला गाठीची आठवण होती का? होती. पहिल्या दिवशी होती. सांगावं असंही वाटलं होतं. पण ते इतके खूश होते, आणि काही झालेलं दिसत नव्हतं. नंतर मी विसरलो. रोज तळवे आरशात बघणारा तो माणूस त्या दिवसांत बघेनासा झाला होता का, की कंदिलाच्या उजेडात त्यांना दिसलं नाही, मला माहीत नाही. कुसुमलाही मोजे धुताना डाग दिसला नव्हता; जखम आधी कातडीखालीच वाढत गेली असावी. माझ्या मोज्यावर त्यांचा विश्वास होता एवढं खरं.

आमच्या स्टाफच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे. बूट-वहाणा उंबऱ्याबाहेर काढून आम्ही मांडी घालून डबे खायचो. एके दुपारी दगडू शिपाई पाणी घेऊन आला आणि नानांच्या मागे थबकला. म्हणाला, "मास्तर, तुमना पायले रगत शे."

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. पांढऱ्या मोज्याच्या तळव्यावर मोठा लाल डाग होता, कडेने वाळून तपकिरी झालेला. नानांनी मोजा काढला. तळव्याला बोराएवढी जखम होती, खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. वासही होता. हेडमास्तरांनी विचारलं की हे कशाने झालं. नाना म्हणाले, कळलं नाही. केव्हापासून? कळलं नाही. दुखत नाही का? नाना म्हणाले, "नाही."

त्या एका नाहीने सगळं झालं. दुसऱ्या दिवशी स्टाफच्या खोलीत नानांसाठी निराळा तांब्या ठेवलेला होता. कुणी ठेवला, कुणी बोललं नाही. आठवड्याच्या आत पोरांच्या तोंडी तो शब्द आला, रगतपिती, म्हणजे महारोग. मोजे-मास्तर मोजे का घालतो ते आता सगळ्यांना कळलं होतं. पालक येऊन हेडमास्तरांना भेटू लागले. माझ्या घरमालकाने मला विचारलं की तुम्ही त्या मास्तरकडे जेवता-खाता ना?

डाग दिसला त्याच संध्याकाळी मी नानांकडे गेलो होतो. कुसुम मोरीत मोजे धूत होती. मी तो मोजा तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला. गाठ जागेवरच होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, रक्त पिऊन आणि वाळून खड्यासारखी कडक. बरोबर जखमेच्या जागी. मी मोजा पुन्हा सुलटा करून तिच्या हातात दिला. आत नाना पाय उशीवर ठेवून पडले होते. मी पायाची चौकशी केली आणि घरी आलो.

पालक येऊन गेल्यावर दोन दिवसांनी हेडमास्तरांनी मास्तरांची बैठक बोलावली. संस्थेचे एक सभासदही आले होते. नानांनी त्यांना सरळ सांगितलं की तो रोग नाही, लघवीतली साखर आहे, रेल्वेच्या डॉक्टरने तपासलेलं आहे. कागद मागितला. कागद नव्हता, आणि तो डॉक्टर केव्हाच विलायतेला परत गेला होता. सभासद म्हणाले की असं काय, कुणीही म्हणेल. तेव्हा नानांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, "बापूला विचारा. त्याला मी केव्हाच सगळं सांगितलंय. त्याला सगळं माहीत आहे."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. माझ्या मनात काय काय होतं ते आज मी निवडून सांगू शकत नाही. घरमालक होता, माझी हंगामी नोकरी होती, आणि सगळ्यांच्या वर ती गाठ होती. साखरेचं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग जखम कशाने झाली?

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. मी फक्त विणकाम शिकायला जायचो."

कुणीतरी हसलं. नाना माझ्याकडे रागाने बघतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी बघितलंच नाही. ते उठले, उंबऱ्याबाहेर वाकून बूट घालायला लागले, आणि फुगलेला पाय आत जाईना म्हणून तो एक बूट हातात घेऊन गेले.

त्यांना बेमुदत रजा देण्यात आली. चार दिवसांत घर आवरून ते आणि कुसुम सकाळच्या गाडीने जळगावला निघाले. मी स्टेशनवर गेलो नाही. दगडू गेला होता. त्याने त्यांची ट्रंक डोक्यावरून नेली. परत आल्यावर मला व्हरांड्यात गाठून तो एवढंच म्हणाला, "नानानी तुमनं नाव लिधं नही." माझं नावही त्यांनी काढलं नव्हतं. दगडूला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तो त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

कुसुमचं लग्न चाळीसगावला जवळजवळ ठरलं होतं. धुळ्याची बातमी अडवायला मधले चाळीस मैल पुरेसे नव्हते. ते मोडलं. पुढे कुठेच ठरलं नाही.

जळगावच्या दवाखान्यात नानांची लघवी तपासल्यावर साखर लगेच निघाली. डॉक्टरने तसं लिहून दिलं आणि तो कागद नानांनी टपालाने शाळेकडे पाठवला. हेडमास्तरांनी तो वाचला, मला दाखवला, आणि फाइलला लावला. बोलले नाहीत, आणि मीही म्हणालो नाही की हा वर्गावर्गांत वाचून दाखवा. तोवर भूगोलाचे तास माझ्याकडे आले होते. पुढच्या जूनमधे मी कायम झालो.

पाय आधी घोट्यापासून कापला, मग गुडघ्यापासून. हे कळल्यावर मी एका रविवारी जळगावला गेलो. दवाखान्याच्या फाटकाशी पेरूवाली बसली होती, तिच्याकडून पेरू घेतले, आणि आवारातल्या लिंबापर्यंत गेलो. तिथून वॉर्डाच्या खिडक्या दिसत होत्या. मी तिथूनच परत फिरलो. पेरू गाडीत कुणाच्यातरी पोरांना दिले. नाना त्यानंतर आठवड्याभरात गेले.

स्वातंत्र्याच्या वर्षी मी परीक्षेच्या कामाला जळगावला गेलो होतो. बाजारात मागून हाक आली, "बापूभाऊ." कुसुम होती. मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती, केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते. मला घरी घेऊन गेली. मी नको म्हणायला हवं होतं, पण तिने विचारलं तेव्हा तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना आणखी काही. चहा झाल्यावर तिने फळीवरून बिस्किटांचा एक डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

डब्यात पांढऱ्या सुताचे दोन गोळे होते. एक मोठा, एक लहान. मोठ्या गोळ्यात एका थरावर सूत तपकिरी होतं.

कुसुम म्हणाली, "शेवटच्या दिवसांत बाबांनी तुमचा मोजा उसवला. पडल्या पडल्या. मी म्हटलं, मी कात्रीने कापते, तर कापू देईनात. एका जागी नखांनी दोन दिवस झटत होते. मग हे दोन गोळे केले आणि म्हणाले, बापू कधी भेटला तर त्याला दे. म्हणावं गाठ सुटली. आता धागे दोन आहेत, जोडायचं त्याला शिकवलंय."

मी गोळे हातात घेऊन बसलो. ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "कुठली गाठ, बापूभाऊ?"

मी म्हणालो, "काही नाही. विणकामातलं आहे."

मागच्या थंडीत कुसुम वारली. मी समाचाराला जळगावला गेलो होतो. ओट्यावर माझ्या शेजारी बसलेला एक माणूस, चांगला शिकलेला, हळूच दुसऱ्याला म्हणाला की यांच्या घराण्यात तो रोग होता ना, म्हणून बाईचं लग्न झालं नाही. दुसऱ्याने मान डोलावली. आता नानांच्या भावाच्या नातवंडांची लग्नं व्हायची आहेत.

म्हणून लिहितो. धुळ्यात मोजे-मास्तरांकडे शिकलेली माणसं अजून आहेत, त्यांनी वाचावं. नानांना महारोग नव्हता. असता तरी त्यांच्यापुढे निराळा तांब्या ठेवणं बरोबर झालं नसतं, पण नव्हता. त्यांना मधुमेह होता. त्यांच्या पायाला जखम झाली ती मी मोज्यात मारलेल्या गाठीने झाली. मोजा मी गालावर फिरवला नव्हता. मला सगळं माहीत होतं.

हे लिहायला बसण्याआधी, परवा, मी डबा उघडला. सुया नानांच्याच दिलेल्या आहेत, गंजल्या नाहीत. डोळ्यांना टाके दिसत नाहीत आणि हात कापतो, पण बोटांना आठवत होतं. मोठ्या गोळ्यातलं सूत घेऊन थोडं विणलं, मग लहान गोळ्याचा धागा बरोबर घेतला. दहा टाके दोन्ही धरून. मग उलटं करून, हात आत घालून, गालावर फिरवलं. काही लागलं नाही. जोड नीट बसला म्हणून, की माझा गालही आता बधिर झालाय म्हणून, ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना विचारावं ते नाहीत.